तार षड्जाच्या अलीकडे

अकोला आणि अमरावती या दोन शहरांच्या दरम्यान आजवर जे कोणी गायले, वाजवून गेले किंवा नुसतेच सुरात खाकरले, त्या सगळ्यांचा शिष्य असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो आम्हाला पेटी शिकवत असे. गुरू होण्याची हौस असलेले लोक पुष्कळ असतात. आमच्या गल्लीतच चार निघतील. पण शिष्य होण्याची इतकी अनावर हौस मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्याला कारण आहे, पण ते आत्ताच सांगून उपयोग नाही. आम्ही त्यांना पेटीमास्तर म्हणायचो, तेवढं पुरे.

आमचं संगीत विद्यालय म्हणजे अमरावतीत एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्या. मोहल्ल्यातल्या लोकांनी मिळून चालवलेलं. एका खोलीत गाणं आणि दुसरीत पेटी-तबला, आणि दोन्हींत खालच्या भाजक्या मिरच्यांचा ठसका. मी निवृत्त ग्रंथपाल. घरी दिवसभर पुस्तकांवरची धूळ या पुस्तकावरून त्या पुस्तकावर ढकलत असतो हे पाहून बायकोनेच मला तिथे नेऊन घातलं. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी माझं वाजवणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "काका, बोटं तं बराबर पडून राहिले. पन पेटी भेऊन राहिली तुमाले. हे लायब्री नोय. जोरात वाजवा, कोनी शांत बसा म्हननार नाई."

गाण्याबजावण्यातल्या लोकांत गुरूचं नाव घेतलं की कानाच्या पाळीला हात लावायची रीत आहे. मोठ्या मैफलीत अंगठ्यांनी भरलेली बोटं कानाकडे जाताना पाहिली, की गवयाला गुरू आठवला की अंगठी, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. मास्तरांच्या बोटांत अंगठी नव्हती, आणि गुरू मात्र इतके होते की त्यांचा हात दिवसातून जितका वेळ पेटीवर असे तितकाच कानावर. "हा कोमल रे मले कव्वालीवाल्या चाचानं देल्ला," म्हटलं की हात कानाला. चाचांच्या पार्टीबरोबर ते उरसात हिंडले होते. "शब्द मागच्या रांगेपर्यंत फेकायचा, माइक गेला तरी," हे त्यांना भीमगीतांच्या एका गायकाने शिकवलेलं, हात कानाला. भजनी मंडळातल्या एका आजीने पट्टी चुकल्याबद्दल त्यांच्या डोक्यात टाळ घातला होता. त्या आजीच्या नावाने आधी डोकं चोळत आणि मग कान धरत.

इथपर्यंत कोणीही समजून घेईल. पण शेंदूरजनाघाटहून संत्री भरून निघणारा एक ट्रक होता, त्याच्या हॉर्नसाठीही ते कान धरत. मी न राहवून विचारलं, मास्तर, ट्रकलासुद्धा? तर म्हणाले, "काळी चारच्या पट्टीमधी होता जी थो हॉर्न. केसभर हालत नोता. मी पेटी त्याच्याशी जुळवून घ्यायचो. गुरू काय एकच असते का बाप्पा? जेवन काय जलमभर एकाच घरचं जेवलो आपन?" शेजारणीचा मिक्सर चटणी वाटताना मंद्र पंचम धरतो असा त्यांचा शोध होता. बाई मिक्सर लावायला लागल्या की हे खिडकीकडे तोंड करून कानाला हात लावत. बाईंचा समज असा झाला की म्हाताऱ्याला आवाजाचा त्रास होतो, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी चटणी पाट्यावर वाटायला सुरुवात केली. मास्तर आठवडाभर बेसूर होते.

आता पेटी हे वाद्य असं आहे की एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर लागतो. तिसरा हात देवाने दिलेला नाही. त्यामुळे मास्तर शिकवता शिकवता कान धरायला गेले की काहीतरी बंद पडायचंच. किरकोळ गुरूंना डावा हात: भाता थांबे, आणि सूर हवा गेलेल्या सायकलीसारखा हळूहळू बसे. बड्या गुरूंना उजवा: भाता चालू, पण स्वर नाही, नुसता दमा. आणि सगळ्यांच्या वरचे, म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातले एक बँडमास्तर, क्लॅरिओनेट वाजवणारे, त्यांच्यासाठी दोन्ही हात दोन्ही कानांना. मग पूर्ण शांतता.

या बँडमास्तरांकडे ते चातुर्मासात शिकले. चातुर्मासात लग्नं नसतात. बँडचे तांबडे कोट पेटाऱ्यात जातात आणि वाजवणारे रिकामे होतात. त्या दिवसांत मोर्णा नदीच्या काठाला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्या माणसाने यांना राग शिकवले, कारण वरातीत राग वाजवायला कोणी देत नसे. दुर्गा रागातली एक साधी बंदिश मास्तर आम्हा सगळ्यांना पहिल्याने शिकवत. अंतऱ्यात रे म प ध असं चढत जायचं आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर पोचायचं. त्या धैवतावर आले की ते दर वेळी म्हणत, "ही जागा आमच्या बँडमास्तरची," दोन्ही हात कानांना लावत, डोळे मिटत, आणि मग तार षड्ज. पुढे पुढे ते वाक्य गळालं. हात तेवढे उरले.

सगळं असं सुखाने चाललं असतं, पण आमच्या विद्यालयाला अध्यक्ष होते. निवृत्त मुख्याध्यापक. बोलताना छापील मराठी बोलत, आणि चिडले की वऱ्हाडी. त्यांनी ठरवलं की जिन्याच्या तोंडाशी एक फलक लावायचा आणि त्यावर प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे त्याची 'सांगीतिक पार्श्वभूमी' लिहायची. गाण्याच्या बाईंचं सोपं होतं. त्यांना पदवी होती आणि घराणंही. तबल्याचे सर भीमगीतांच्या पार्टीत वाढलेले, पण त्यांनी मागाहून परीक्षा दिल्या होत्या, तेव्हा अध्यक्षांनी फलकावर परीक्षा घेतल्या आणि पार्टी सोडून दिली. राहिले पेटीमास्तर. त्यांना परीक्षा नव्हती, आणि घराणं विचारलं की ते ट्रकपासून सुरुवात करत.

"हे पाहा," अध्यक्ष म्हणाले, "पालक विचारतात. पदवीधर उमेदवार उपलब्ध आहे. वार्षिक समारंभापर्यंत आपण एक गुरू निश्चित करा. एक! अन्यथा पेटीचा वर्ग त्यांच्याकडे द्यावा लागेल." वर्ग गेल्याने मास्तरांच्या घरची चूल थांबणार नव्हती, मुलगा कमावता होता. पण मी त्या वेळी त्यांचा चेहरा पाहिला. शिकवायला मिळालं नाही तर ते कोणाकोणाची नावं घेणार होते, आणि कोणापुढे?

अध्यक्षच मग मदतीला धावले. त्यांना कळलं होतं, की पूर्वी एक थोर उस्ताद अकोल्याला आले होते आणि मास्तरांनी त्यांची सेवा केली होती. उस्ताद आता हयात नव्हते, म्हणजे विचारायलाही कोणी नव्हतं.

"सेवा म्हंजे," मास्तर म्हणाले, "टेसनापासून लॉजपर्यंत त्याइचा होल्डॉल उचलला जी."

"आणि ते काही बोलले?"

"'धीरे चल' म्हनले."

अध्यक्ष खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे लयीचा उपदेश झाला! विलंबित लय राखण्याचा साक्षात आदेश!"

"सायेब, थे सामानासाठी होतं. आत आरसा होता."

"अहो, पन कोन पाहाले येऊन राह्यलं!" छापील मराठी संपली होती. "नाव तेवढं घ्यायचं, कान पकडायचा, बसून जायचं. तुमाले कान पकडाचा कंटाळा हाये का?"

मास्तरांनी पेटीचा भाता मिटून खिटी लावली. मग म्हणाले, "पाहातो."

समारंभाला पुण्याहून एक नामवंत गवई प्रमुख पाहुणे म्हणून आले. अध्यक्षांनी स्वागताच्या भाषणात संगीत हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की संगीत सुरू व्हायला उशीर झाला. शेवटी आम्ही पेटीचे विद्यार्थी रांगेत बसलो: फ्रॉकातल्या मुली, दोन बँकवाले, एक डॉक्टरीण आणि मी. दुर्गा सुरू झाला. मास्तर पडद्याच्या कडेला उभे होते. अंतरा आला, रे म प ध असे आम्ही सगळे एकदम चढलो, आणि एकदम थांबलो. डझनभर पेट्या, भात्यांसकट गप्प. तबल्याच्या सरांनाही सवय होती, त्यांनीही हात वर धरला. सभागृहात एक मोकळा श्वास गेला, आणि मग सगळ्या पेट्या मिळून तार षड्जावर आल्या. दुसऱ्या आवर्तनात पुन्हा तसंच.

आम्हाला कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. आम्ही बंदिश तशीच शिकलो होतो. पाहुणे मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. वाजवून झाल्यावर त्यांनी माइक मागून घेतला. "या दुर्गा रागात तार षड्जाच्या अलीकडे जी विश्रांती आहे," ते म्हणाले, "ती मी आजवर ऐकलेली नाही. फार सुंदर आहे. ही कुठल्या घराण्याची?"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी मास्तरांना जवळजवळ ढकलतच पुढे आणलं आणि कानात म्हणाले, पण माइक चालू असल्यामुळे सगळ्या सभागृहाने ऐकलं, "घ्या नाव! घ्या लवकर!"

मास्तर गोंधळून उभे. ते पाहुण्यांना म्हणाले, "कोन्ती विश्रांती?" त्यांना खरंच ठाऊक नव्हती. ती विश्रांती त्यांना कधी जाणवलीच नव्हती, कारण त्या क्षणी ते स्वतः डोळे मिटून आणि दोन्ही कान धरून दुसरीकडे कुठेतरी असत. मघाशीही पडद्याच्या कडेला ते तसेच उभे होते. पाहुण्यांनी आम्हाला तेवढाच तुकडा पुन्हा वाजवायला सांगितला. आम्ही धैवतावर थांबलो. या वेळी मास्तरांचे हात वर गेले नाहीत. त्यांनी ऐकलं.

"बाप्पा," ते हळूच म्हणाले. मग माइकजवळ गेले. "थे घरानं नाई जी. तिथं मी कान पकडतो. पोरायले वाटलं, थे गान्यातच हाये."

"कोणासाठी पकडता?"

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी बँडमास्तरांचं नाव सांगितलं, दोन्ही हात कानांना लावले आणि म्हणाले, "जुन्या शहरातले. लग्नात वाजवायचे. चातुर्मासात शिकवायचे." सभागृह हसलं. पाहुणे हसले नाहीत. आपल्या बोटांतल्या अंगठीकडे पाहत म्हणाले, "मग राहू द्या ती विश्रांती. कान आम्हीही धरतो, पण त्यासाठी गाणं थांबवत नाही."

यानंतर वर्ग काढून घेणं अध्यक्षांना शक्य नव्हतं. उलट दुसऱ्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आमची विश्रांती' समजावून सांगू लागले. फलक मात्र व्हायचाच होता. मास्तरांच्या नावापुढे त्यांनी पेंटरकडून 'स्वतंत्र परंपरा' असं लिहून घेतलं. मास्तर जिन्यात उभे राहून ते वाचत होते. "स्वतंत्र काहून?" त्यांनी विचारलं. "मी तं सगळ्यायचा हाये." अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि ते पुसून घेतलं. त्या जागी एक पांढरट डाग आहे. नव्या लोकांना तो ओलीचा वाटतो.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. महिनाभर ते तसेच येत राहिले, मग मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. पेटीचा वर्ग आता त्या पदवीधर मॅडमकडे आहे. शिकवतात छान, आणि त्यांच्या शिकवण्यात कुठेही हवा जात नाही. मी मास्तरांना भेटायला अकोल्याला गेलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते. पुढ्यात पेटी होती. एकाच हाताने आधी भाता मारून, हवा आहे तोवर जमेल तेवढं वाजवत होते. शेजारी कुठे मिक्सर नाही, अशी तक्रार केली. माझ्याकडून दुर्गा ऐकला. मी धैवतावर थांबलो तसे ते म्हणाले, "आमचे बँडमास्तर..." आणि त्यांचा डावा हात कानाला गेला. उजवा मांडीवरून छातीपर्यंत आला, तिथेच अडला. मला वाटलं, आता सोडून देतील. त्यांनी मान वाकवली, पार खाली, खांद्याच्या कडेला, आणि कानच हातापर्यंत नेला. तोवर मी थांबून राहिलो. तार षड्ज त्या दिवशी फार उशिरा आला.

परवा मॅडम मला म्हणाल्या, "काका, तिथे थांबायचं नाहीये." मी हो म्हणालो. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबलो. शेजारच्या डॉक्टरीणबाईही थांबल्या होत्या.

नाव का दिलं नाही, तेवढं सांगायचं राहिलं. हे सगळं मी कॉम्प्युटरवर टाइप करतो आहे, आणि कान धरणाऱ्यांना आयुष्यभर हसत आलो आहे. तरी त्यांचं नाव लिहायला घेतलं की पहिल्या अक्षरालाच दोन्ही हात पट्ट्यांवरून उठतात, आणि काम तिथेच थांबतं. तीन-चारदा करून पाहिलं. मग म्हटलं, राहू द्यावी ती जागा मोकळी.