मिस ओपलची साक्ष

आमच्या गल्लीतली व्हर्लीन टटवायलर वायरिंगची कामं करते, तीही हंट्सव्हिलच्या रॉकेटवाल्या लष्करी तळावर, कंत्राटावर. सरकारची सुरक्षा मंजुरी असेल तरच तिथलं फाटक उघडतं. मंजुरी गेली की नोकरी गेली.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या बहिणीच्या वाढदिवसाला कोलोरॅडोहून, म्हणजे गांजा उघड विकला जातो तिथून, आलेल्या भाच्याने जेलीच्या गोळ्या वाटल्या. त्यात गांजा होता हे खाल्ल्यावर कळलं. सोमवारी व्हर्लीन आपणहून ऑफिसात सांगून आली आणि साक्षीदार म्हणून वाढदिवसाला हजर असलेल्या शेजारच्या मिस ओपलचं नाव दिलं.

"पायावर धोंडा पाडून घेतलास!" मी म्हटलं. "कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं ना."

यंदा मंजुरीची फेरतपासणी निघाली आणि चौकशी अधिकारी दारोदार फिरला. मिस ओपल म्हणजे रविवारच्या बायबलवर्गात अर्ध्या गल्लीला वळण लावणारी बाई. तिने त्याला बर्फ घातलेला गोड चहा पाजला आणि छातीठोकपणे सांगितलं, "व्हर्लीन आणि गांजा? छे! तसलं काही घडलंच नाही."

झालं! या कामात चूक एकवेळ पोटात घालतात, खोटं नाही. दोघींतली एक खोटी ठरणार होती, आणि तोवर व्हर्लीनला घरी बसवलं. मी तिच्यासोबत मिस ओपलकडे गेले ते भांडायच्याच तयारीने.

"अगं पोरी, तुला वाचवायलाच बोलले मी!"

"वाचवू नका, मिस ओपल. झालं ते सांगा."

"सगळं?" म्हातारी एवढीशी झाली. "मीपण खाल्ल्या होत्या गं. चर्चमध्ये कळलं तर?"

मी तोंड उघडणार, तोच व्हर्लीनने तिचा हात धरला. "त्या सोमवारी मीही ऑफिसच्या दारातून दोनदा परत फिरले होते."

मिस ओपलने तिथल्या तिथे फोन लावला. "साहेब, मी खोटं बोलले. तिने एक खाल्ली, नकळत. मी दोन खाल्ल्या. दुसरी कळून खाल्ली, गुडघा फार ठणकत होता."

रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्याला कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली तशी ती मोठी हॅट सावरत उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आत सगळं सांगून मोकळी झाली. लोक हसून हसून लोळले. मग टाळ्या थांबेनात.

मंजुरी परत मिळाली. पहिल्या दिवशी कामावर जायला व्हर्लीनने आपला छोटा ट्रक काढला तेव्हा सगळी गल्ली ओसरीवर होती. मिस ओपल तर झोपायच्या झग्यातच, मुठीत फोन घट्ट धरून. अर्ध्या तासाने तो वाजला.

"उघडलं का गं फाटक?"

"उघडलं, मिस ओपल!"

म्हातारीने अशी आरोळी ठोकली की कुत्री भुंकायला लागली, आणि मला मेलं रडूच आलं.