उभ्या टेम्पोचं डिझेल

जगाच्या बाजारात तेलाचा भाव हलला की त्याचा परिणाम पृथ्वीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो, हे अर्थशास्त्रातलं थोर सत्य आहे. भिवंडीत ते निम्मंच पोहोचतं. भाव चढला तर सकाळी पंपावर कळतं. उतरला तर फक्त टीव्हीवर कळतं.

आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं, कारण दादाचं परत येणं त्यावर अडलं होतं. माझा हा मोठा भाऊ राहनाळच्या गोदामांतला माल स्वतःच्या टेम्पोतून पोहोचवायचा. डिझेल चढत गेलं, गोदामवाले भाडं वाढवीनात. शेवटी तो आखातात ट्रक चालवायला गेला. जाताना टेम्पोवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत मला म्हणाला, "भाव उतरला का येतो, बाय. बाबांना सांग, टेम्पो इकू नका."

बाबांनी तो शब्द पाळला. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ताडपत्री काढून ते टेम्पो सुरू करायचे. डिझेल स्वस्त होण्याची वाट बघण्यात आमचं बरंच डिझेल जळलं. आई दारातून ओरडायची, "निस्ता धूर करताव! कुठं जायाचं हाय?"

"कुठं न्हाय," म्हणत बाबा हलकेच रेस द्यायचे.

ओरडून झाल्यावरही आई दारातच उभी राहायची. दादा घरी यायचा तेव्हा गल्लीत आधी हाच आवाज शिरायचा. इंजिन बंद झालं की मगच ती आत जायची.

एकदा बातम्यांत तेल कोसळल्याचं ऐकून बाबा दाढीबिढी करून पंपावर गेले. दर होता तोच. पंपावरचा माणूस म्हणाला, "चाचा, टीव्ही का रेट अलग, यहाँ का अलग."

पुढे निवडणूक जवळ आली आणि दर खरंच उतरला. पंपाच्या तोंडाशी फलक लागला. त्यावर हात जोडलेले इतके पुढारी होते की दर कुठे लिहिलाय ते शोधावं लागत होतं. बाबांनी त्याच दुपारी टेम्पो धुतला आणि मला दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"उतरला रं!"

"किती?"

"दोन रुपये."

दादा हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. "बाबा, मी करार वाढवून घेतलाय," तो म्हणाला. "आनखी दोन वर्सं. सांगनारच होतो."

आई फोनच्या चौकटीतून हळूच बाजूला झाली. बाबा ओल्या टेम्पोकडे बघत राहिले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तिकडं डिझेलचा काय भाव हाय?"

"ठाऊक न्हाय," दादा म्हणाला. "कंपनी भरून देते."