उजव्या सोंडेची गणेशपट्टी

काशीदच्या अलीकडं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक वाडी आहे. तिथं हरेश्वर राहतो. वय बासष्ट. रोह्याकडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लोखंड कापणाऱ्या मिलिंग मशीनपुढं उभा राहिला आणि निवृत्त होऊन घरी आला. लोकांना वाटलं, आता नारळीला पाणी घालील, चार घरी गप्पा छाटील. पण त्यानं पडवीत स्वतःचंच मशीन मांडलं. भंगारातले लोखंडी दांडे, कुठून कुठून मागवलेल्या मोटरी, असं जमवत दोन वर्षं खपला. संगणकावर चित्र ठेवायचं, खाली लाकूड आवळायचं, की मशीनचं डोकं गरगरत त्या चित्राबरहुकूम लाकूड कोरत सुटायचं. सगळं हौसेचं. कुणाला नावाची पाटी करून दे, कुणाला देव्हाऱ्याची महिरप.

त्याची बायको काशी त्या मशीनला ‘जावई’ म्हणायची.

“वाऱ्याची जागा जावयाला, धुतलेली चादर जावयाला, पंखा जावयाला. आणि सासू बसलीय चुलीपाशी घाम पुशीत.”

खाऱ्या हवेनं या जावयाचा मेंदू खाल्ला. मशीन चालवायला एक जुना, खोक्याएवढा संगणक होता. तो अर्धी पाटी कोरून झाली की मध्येच गप्प व्हायचा. एकाच्या दारावर ‘सागर’च्या जागी नुसतं ‘साग’ लागलं असतं, ते हरेश्वरनं हातानं छिन्नी मारून सावरलं. शेवटी त्यानं ठरवलं, मेंदूच बदलायचा.

त्यासाठी मुरुडहून रेहान आला. तिशीचा, कमी बोलणारा. होड्यांवर दिशा दाखवणारी आणि मासळीचा थवा दाखवणारी यंत्रं बसवायची हे त्याचं काम. त्यानं तळहाताएवढा नवा कंट्रोल बोर्ड बसवला, मोटरींच्या वायरी त्यात जोडल्या, हरेश्वरच्या लॅपटॉपवर नवा प्रोग्रॅम घातला. तेवढ्यात त्याला बंदरावरून फोन आला. होडी समुद्रात जायची खोळंबली होती.

“काका, मोटरी फिरतायत, पण दिशा तपासायची राहिली,” रेहान पिशवी उचलता उचलता म्हणाला. “उजवा बाण दाबा. डोकं उजवीकडं गेलं पाहिजे. उलटं गेलं तर काही कापू नका, मला फोन करा. पाच मिनिटांचं काम हाय. आणि आधी एखाद्या फालतू फळीवर काढून बघा.”

“अरे, मी बत्तीस वर्षं मिलिंगवर काढलीत. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून लोखंड कापतोय. मला उजवं-डावं शिकवतोस?”

“तसं न्हाय काका, नवा बोर्ड हाय म्हणून म्हटलं,” रेहान म्हणाला, आणि गेला.

आता हे मशीन इतक्या घाईनं चालू करायचं कारण होतं मनुबाई. मनुबाई ही शेजारीण, सत्तरीची, एकटी. चक्रीवादळात तिचं घर बसलं होतं. जमवाजमव करत नवं उभं राहिलं होतं आणि येत्या गुरुवारी वास्तुशांत होती. जुन्या घराची फणसाची तुळई तिनं जिवापाड जपली होती, कारण ते झाड तिच्या नवऱ्यानं लावलेलं. त्या तुळईची फळी तिनं हरेश्वरकडं आणून दिली. “दारावरची गणेशपट्टी हिचीच कर रे. म्हणजे ह्यांच्या झाडाखालून रोज घरात शिरीन.”

रेहान गेल्यावर हरेश्वरनं उजवा बाण दाबला. डोकं डावीकडं गेलं.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा डावीकडं. फोन हातात घेतला, रेहानचं नावही काढलं. तेवढ्यात आतल्या खिडकीतून काशीचा आवाज आला, “काय हो, नवा मेंदू पण रुसला का?”

“काही न्हाय रुसला,” हरेश्वर म्हणाला आणि फोन खाली ठेवला. आत्ताच ज्या पोराला बत्तीस वर्षं ऐकवली, त्यालाच तासाभरात विचारायचं म्हणजे काय! त्यानं मनाशी हिशोब जुळवला, की ही उजवी बाजू मशीनची असेल, आपण समोर उभे म्हणून उलटी दिसते. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की सबबींचा तोटा नसतो. फालतू फळीही त्यानं शोधली नाही. थेट मनुबाईची फळी आवळली.

दिवसभर भुसा उडत राहिला. संध्याकाळी ब्रशनं झाडलं तर काय सुरेख गणपती! पायाची नखं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. दोन्ही बाजूंना सारख्या वेली. हरेश्वरनं नखं बघितली, वेली बघितल्या, बोट फिरवून गुळगुळीतपणा बघितला. सोंड तेवढी बघितली नाही.

गुरुवारी पट्टी दारावर चढली. घर माणसांनी भरलं होतं. रामचंद्र भटजी तांब्या घेऊन उंबऱ्यात आले, वर बघितलं आणि थांबले.

“हा उजव्या सोंडेचा आहे.”

सगळ्यांच्या माना वर गेल्या. घराघरांतला गणपती डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळं पाळता पाळता माणूस टेकीस येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लॅपटॉपमधलं चित्र डाव्या सोंडेचं होतं, ते मनुबाईनंच पसंत केलं होतं. आरशात दिसावं तसं ते उलटं उतरलं होतं. हरेश्वरला त्या क्षणी तो उजवा बाण आठवला.

“हरेश्वरभाऊ, असं कसं झालं?” कुणीतरी विचारलं.

आणि हरेश्वरच्या तोंडून निघालं, “वायरी रेहाननं जोडल्या होत्या.”

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. वायरी त्यानंच जोडल्या होत्या. खोटं होतं ते त्या वाक्यानंतर गप्प बसणं. लोकांनी माना डोलावल्या, आणि हरेश्वरनं त्या डोलावू दिल्या.

मनुबाई एवढंच म्हणाली, “देव आलाय दारात, आता त्याला उतरा कसं म्हणायचं?” पट्टी राहिली. भटजींनी सांगितलं, या दारातून मासळी आत न्यायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून मनुबाई अंगणात तीन दगडांवर बोंबील शिजवू लागली. नवं घर, नवा ओटा, आणि म्हातारी बाहेर प्लास्टिकच्या कागदाखाली फुंकणी घेऊन. जन्म मासळीवर गेलेला, ती सुटते थोडीच? धुराचा लोट थेट हरेश्वरच्या पडवीत यायचा. तो मशीनवर चादर टाकायचा आणि मागच्या दारी जाऊन बसायचा.

“त्या दिवशी फोन हातात घेऊन खाली का ठेवलात हो?” काशीनं एकदा भात वाढता वाढता विचारलं.

“कुठल्या दिवशी?”

“असू दे. अंगण वाकडं असल, दुसरं काय.”

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला मशीनातलं काही कळत नाही असं तो धरून चालला होता.

पण खरी मान खाली गेली ती बंदरावर. हरेश्वर मासळी घ्यायला गेला होता. होडीचा म्होरक्या हिरामण तांडेल काठावर बसून जाळं सांधत होता. त्याच्या होडीवर नवं यंत्र बसवायचं काम रेहानकडं ठरलं होतं.

“मी त्याला नको सांगितलं,” हिरामण चारचौघांना मोठ्यानं म्हणाला. “ज्याला गणपतीची सोंड कुठं जाते ते कळत न्हाय, तो माझी होडी कुठं नेईल? जायचं जंजिऱ्याला, आणि पोचायचो कराचीला!”

सगळे खदाखदा हसले. कुणी म्हणालं, आपणही आपलं यंत्र दुसऱ्याकडं दाखवावं. आणि हरेश्वर, तोही हसला. हसू ओठांवर आलं तेव्हा त्याचं त्यालाच कळलं, की आपण हे काय करतोय. पिशवीत पापलेटं तशीच, तो घरी आला आणि पिशवी काशीच्या हातात न देता थेट मनुबाईच्या अंगणात गेला.

मनुबाई चुलीशी होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मनुवैनी, वायरी रेहाननं जोडल्या, पण दिशा तपासायला मला सांगून गेला होता. मी बघितली. उलटी होती. मला कळलं होतं.”

“मग?”

“विचारायची लाज वाटली.”

मनुबाईनं लाकूड आत सारलं.

“फळी ह्यांची होती,” ती म्हणाली. “दुसरी असती तर मी बोलले नसते.”

“व्हय.”

“आणि मला कानात सांगून काय होणार? तू त्या पोराचं नाव भर घरात घेतलंस. शिव्या द्यायच्या गावात आणि पाया पडायचं गुपचूप, असं कुठं असतं व्हय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागल्या तेव्हा हरेश्वर बंदरावर गेला. काल हसलेली माणसं आज होती, शिवाय मासळी घ्यायला आलेल्या बायका. तो हिरामणच्या होडीपाशी उभा राहिला. कारखान्यात साहेबांपुढं न अडखळणारा माणूस, पण इथं पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

“हिरामण, सोंड माझ्यामुळं उलटी झाली. रेहाननं तपासायला सांगितलं होतं. मी त्याचं ऐकलं न्हाय, आणि वर त्याच्यावर ढकललं.”

एक कोळीण टोपली खाली ठेवून म्हणाली, “अगो बाय! आणि काल इथंच दात काढून हसत होतास ना रे?”

“हसत होतो,” हरेश्वर म्हणाला.

यावर कुणी हसलं नाही. हिरामणनं जाळ्यातून मान वर केली नाही. “मी त्याला बोलवीन,” तो पुटपुटला. “पण तू आधी जाऊन ये. मी कुठल्या तोंडानं फोन करू? मी तर लई बोललोय.”

मुरुडची एसटी पकडून हरेश्वर रेहानच्या दुकानात गेला. तिथंही तेच सांगितलं. रेहान एका उघड्या यंत्रावर वाकला होता. त्यानं ऐकून घेतलं, हातातला स्क्रू बशीत ठेवला.

“मला वाटलं, माझंच काही चुकलं,” तो म्हणाला. “दोन रात्री मनात सगळ्या वायरी परत परत जोडून बघितल्या. तुम्ही फोन का न्हाय केलात, काका? पाच मिनिटांचं काम होतं.”

रेहाननं माफ केलं असंही म्हटलं नाही, की केलं नाही असंही. चहा मागवला. हरेश्वरनं तो खाली मान घालून प्यायला.

चार दिवसांनी रेहान येऊन मशीनची दिशा सुलटी करून गेला. खरोखर पाच मिनिटं लागली. तुळईचा उरलेला तुकडा मनुबाईनं दिला, पण एका अटीवर, की आधी फालतू फळीवर काढून दाखवायचं. हरेश्वरनं एक सोडून तीन फळ्यांवर काढून दाखवलं. मग डाव्या सोंडेचा गणपती तिच्या दारावर चढला, भटजींनी जुना रीतसर उतरवला आणि मनुबाईची चूल घरात गेली.

उतरवलेल्या देवाला टाकून कसं द्यायचं? हरेश्वरनं तो आपल्याच दारावर लावला.

“मग नेम तुम्हीच पाळा,” काशी म्हणाली आणि बोंबलाची परात त्याच्या हातात दिली.

तेव्हापासून वाडीत शिरलात की उजव्या हाताच्या अंगणात तीन दगडांपाशी हरेश्वर उकिडवा बसलेला दिसतो. डोळ्यांत धूर, हातात फुंकणी. काशीदला आलेले पाहुणे, एसटीतून उतरलेली माणसं थांबून विचारतात, “का हो, घरात गॅस न्हाय का?”

तो दाराकडं बोट दाखवतो आणि सांगू लागतो. बाणापासून सुरुवात करतो, फोन खाली ठेवल्याचं सांगतो. रेहानच्या नावापाशी आलं की मात्र दर वेळी थांबतो, बोंबील उलटतो, आणि मगच पुढचं सांगतो.