मिस्तरीचा उजवा हात

आमच्या सेलूत माझ्या माहितीची गिटार वाजवणारी माणसं दोन. एक मी आणि दुसरा मिस्तरी. दोघांचीही पन्नाशी उलटलेली, दोघांनाही गुरू नाही, आणि दोघांचं मिळून एकही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत धड येत नाही. मिस्तरीच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं मत असं, की आम्ही दोघं वाजवायला लागलो की दोन बैलगाड्या एकाच वेळी फाटकातून निघाल्यासारखं वाटतं. मत कडू आहे, पण खोटं नाही.

मिस्तरीचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं येतात. तो आतली जुनी तांब्याची तार काढून नवी भरतो, मोटार चालू करून तिच्यावर पंजा ठेवतो आणि डोळे मिटतो. "आता बोलायली बग," म्हणतो. मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघायचो. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची आणि धागा किती लांब निघतो ते सांगायचं, हे माझं काम. म्हणून मिस्तरी मला ग्रेडर म्हणतो.

एका सकाळी तोंड धुताना माझ्या डाव्या हातातला तांब्या खाली पडला. उचलायला वाकलो तर मीही पडलो. लकवा होता. वेळेवर दवाखाना मिळाला म्हणून पाय सुधारला, वाकडं झालेलं तोंड जागेवर आलं, पण डावा हात काही माझं ऐकेना. दवाखान्यातून रबरी चेंडू मिळाला होता. दिवसभर दाबायचा. मी दाबायचो आणि चिडायचो. बोटांत धागा धरता येत नाही, तर ग्रेडर कसला? चार महिने मी घरातल्या प्रत्येकावर डाफरलो. त्या दिवसांत रोज संध्याकाळी दुकान बंद करून येणारा माणूस एकच होता.

"कुत्र्याच्या पिलावानी चेंडू काय खेळायलास?" एकदा तो म्हणाला. "तार दाब."

त्याच्या पुतण्यानं पुण्याहून आणलेली आणि हौस फिटल्यावर त्याच्या माळ्यावर टाकलेली गिटार होती. मिस्तरी मोबाइलवर बघून बघून तीन-चार कॉर्ड, म्हणजे डाव्या बोटांनी एकदम दोन-तीन तारा दाबायच्या जागा, शिकला होता. ती गिटार त्यानं माझ्या मांडीवर ठेवली, माझं एकेक बोट उचलून तारेवर नेलं आणि वरून स्वतःच्या बोटानं दाबलं. रोज. वर्ष-दीड वर्ष. तार तुटली तेव्हा या गड्यानं दुकानातली तांब्याची तार चढवून बघितली, तर ती सुतकात असल्यासारखी वाजली. ज्या दिवशी माझ्या बोटांनी त्याच्या मदतीशिवाय एक कॉर्ड स्वच्छ वाजली, त्या दिवशी तो उठला आणि जिलेबी घेऊन आला. तीन बोटं कामाला लागली. करंगळी मात्र अजून सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी आहे. बसून असते, कशाला हात लावत नाही. पुढं मी माझी स्वतःची गिटार घेतली आणि आमचा दोन बैलगाड्यांचा संसार सुरू झाला.

मग मिस्तरीचे पाय सुजायला लागले. रक्तदाबाच्या गोळ्या तो 'बरं वाटायलंय' म्हणून मधेच सोडून द्यायचा, त्यानं दोन्ही किडन्यांचा निकाल लावला. परभणीला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. आधी मानेत नळी होती. पण नळीत जंतू जायची भीती, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी फिस्टुला करायचं ठरवलं. हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची. मग शीर फुगून जाड होते आणि मशीनच्या सुया तिच्यात घालता येतात. जेवणाखाण्याचा हात मोकळा राहावा म्हणून हे सहसा डाव्या हाताला करतात.

इथं मिस्तरीनं डोकं चालवलं. त्यानं दीड वर्ष माझ्या डाव्या हाताचे हाल बघितले होते. डाव्या हाताशिवाय गिटार नाही, हे त्याच्या मनात खिळ्यासारखं बसलं होतं. "उजव्याला काय काम हाय? नुस्तं खाजवल्यावानी वर-खाली," तो मला म्हणाला. मलाही ते पटलं. दोन शहाणे एकत्र आले की असंच होतं. जेवायचा हात कोणता असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा यानं छाती पुढं काढून सांगितलं, "मी डावखुरा हाय, साहेब."

खोटं बोलायचं सोपं, निभवायचं अवघड. दवाखान्यात होता तेवढे दिवस त्याला सिस्टरसमोर डाव्या हातानं जेवावं लागलं. वरण मनगटावरून कोपरापर्यंत जायचं. वहिनी तोंडाला पदर लावून भिंतीकडं बघत बसायच्या. "डाव्या हातानं जेवायलेत, जनाची न्हाई तर मनाची तरी," एवढं पुटपुटायच्या. पण नवऱ्याला उघडं पाडलं नाही.

उजव्या हातातला फिस्टुला चांगला जमला. कोपराच्या खाली हातावर बोट ठेवलं की आत घुरघुर लागायची. कान लावला तर मांडीवर मांजर बसून घुरघुरावं तसा आवाज. सिस्टरनं बजावलं होतं, हा आवाज रोज तपासायचा. तो बंद झाला तर शीर बंद झाली, मग वेळ घालवायचा नाही, नाहीतर पुन्हा मानेत नळी आणि पुढची पाळी डाव्या हाताची. मिस्तरीला हे समजावून सांगावं लागलं नाही. जन्मभर त्यानं हेच केलं होतं. "मोटर चालू हाय," तो रोज सकाळी हाताला हात लावून जाहीर करायचा. आणि संध्याकाळी आमचा नेम ठरला: तारा लावायच्या आधी मी त्याच्या हाताला कान लावायचा.

डायलिसिसला मी बऱ्याचदा सोबत जायचो. रेल्वेनं जायचं, मशीनजवळ बसायचं. उजव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. डाव्या हाताची बोटं मात्र पलंगाच्या गजावर कॉर्ड धरत असायची. मी गुणगुणायचो, तो गजावर बोटं बदलायचा. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी एकदा सिस्टरला हळूच विचारलं, "यांच्या डोक्यावर बी परिणाम झाला का?"

सगळ्यात जाच पाण्याचा. लघवी जवळजवळ बंद, म्हणून पिणंही मोजकं. वहिनी सकाळी एक बाटली भरून द्यायच्या. दिवसाचं पाणी तेवढंच. परभणी जिल्ह्यातला उन्हाळा आणि ती बाटली! संध्याकाळचा अर्धा कप चहा हे त्याचं दिवसातलं एकमेव सुख. तो कप दोन्ही हातांत धरून बसायचा आणि मला दम द्यायचा, "तुझा भरलेला हाय ना? मग माझ्या कपाकडं नजर टाकू नको." पूर्वी अख्ख्या दुकानाला चहा पाजणारा माणूस हा. मी हसायचो, पण घरी गेल्यावर तांब्याभर पाणी गटागटा प्यायला मला लाज वाटायची.

हिवाळ्यात त्याला एक चाल सापडली. जमत आली होती, म्हणून एके दिवशी दुपारभर गिटार घेऊन बसला. चारच्या सुमाराला मी गेलो, नेमाप्रमाणं कान लावला. मांजर नव्हतं.

"लागंना रे," मी म्हणालो.

"तुझा कान गेला, ग्रेडर." हसत त्यानं स्वतःचा पंजा हातावर ठेवला, डोळे मिटले. आणि माझ्यासमोर त्याचं हसू उतरलं. "मोटर बंद हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

परभणीच्या सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, इकडं येऊ नका, सरळ नांदेड गाठा. ओळखीची गाडी काढली, वहिनींना घेतलं आणि निघालो. वाटेत मी मनातल्या मनात दिसेल त्या देवळाला हात जोडत होतो, आणि मी काही फार देवाधर्माचा माणूस नाही.

डॉक्टरांनी हात उघडा केला. "दाब कशाचा पडला? हात उशाला घेऊन झोपता का?"

"न्हाई जी."

कोपराच्या खाली, बरोबर शिरेवर, आडवी लाल रेघ उमटली होती. डॉक्टर ती रेघ बघत राहिले आणि मी माझी बाही वर केली. माझ्या उजव्या हातावरही तशीच रेघ होती, जुनी, फिकट. गिटारच्या खोक्याच्या काठावर उजवा हात टेकतो ना, त्या काठाची. कित्येक वर्षं आम्ही दोघं हात टेकवत होतो आणि उजव्याला काही काम नाही असं म्हणत होतो.

"गिटार," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मिस्तरीकडं बघितलं. "तुम्ही डावखुरे ना? मग गिटारवर उजवा हात कसा टेकतो?"

वहिनींनी मग इतक्या दिवसांचं सगळं बाहेर काढलं. "कशाचे डावखुरे, साहेब! जलमात डाव्या हातानं घास घेतला न्हाई. तुमच्या दवाखान्यात घेतला तेवढाच!"

डॉक्टर हसले, पण शिरेतली गुठळी काढायला मिस्तरीला लगेच आत नेलं. बाहेरच्या बाकड्यावर मी आणि वहिनी. ज्यानं माझा डावा हात मला परत आणून दिला, त्याचा उजवा आत होता, आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. असं रिकामं बसणं मला लकव्यातही इतकं जड गेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं सिस्टरनं आत बोलावलं. मी वाकून कान लावला. घुरघुर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "हाताला पाणी लावू नको, आत्ताच पट्टी बांधलीय," मिस्तरी म्हणाला.

शीर वाचली, गिटार बंद झाली. या हातावर काही टेकवायचं नाही, डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. डाव्या हाताला फिस्टुला केला असता तर बोटं कॉर्डवर मोकळी राहिली असती, हे त्यांनी वर ऐकवलं, तेव्हा मिस्तरी छताकडं बघत होता. घरी येऊन त्यानं गिटार स्वतःहून माळ्यावर टाकायला सांगितली. पुढचे काही महिने तो गप्प गप्प होता. परभणीला गेलो तरी गजावर बोटं फिरायची नाहीत. मी काही बोललो की "हां, हां" म्हणायचा. मला त्या "हां, हां"ची धास्ती वाटायची. लकव्यानंतर मीही तसंच म्हणायचो.

भाचीच्या लग्नाला वहिनींना दोन दिवस मानवतला जाणं भाग होतं. त्यांनी मला बोलावून मिस्तरीचा ताबा दिला. "भाऊजी, पाणी बाटलीतलंच. आन गिटार माळ्यावरून उतरली तर मी दोघांना बी घरात घेणार न्हाई."

माळ्यावरची गिटार उतरवायची नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. माझ्या गिटारबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. मी ती घेऊन गेलो, दिवाणावर त्याच्या उजव्या बाजूला बसलो आणि त्याचीच ती चाल वाजवायला लागलो. चिडला तरी चालेल, पण "हां, हां" नको, असा माझा हिशेब. चालीत एक जागा अशी होती की तिथं करंगळी लागायची. प्रत्येक वेळी मी तिथं येऊन फसायचो. एकदा, दोनदा, पाचदा. मिस्तरी चुळबुळ करायला लागला.

"आरं, कान हायत का भोकं?" शेवटी तो ओरडला, आणि त्याचा डावा हात माझ्या गिटारच्या दांड्यावर आला. माझी बोटं बाजूला ढकलून त्यानं कॉर्ड धरली. "हाण आता."

मी उजव्या हातानं छेडलं. स्वच्छ वाजलं. त्यानं पुढची कॉर्ड धरली, मी छेडलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही, बघायला सवड नव्हती. गिटार माझ्या मांडीवर, दांडा त्याच्यापुढं, आणि त्याचा उजवा हात बाजूच्या उशीवर निवांत. पहिला दिवस भांडणातच गेला. तो कॉर्ड आधी बदलायचा, मी मागं राहायचो. "तू काय मालगाडी हायस का?" तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं बोट हलायच्या आधी माझ्या हाताला कळायला लागलं.

संध्याकाळी दार धाडकन उघडलं. वहिनी. हातातली पिशवी खाली पडलेली, चेहरा लाल. "मी दोन दिस काय गेले, तुमी परत हातावर गिटार..." आणि थांबल्या. गल्लीतून त्यांना एकच गिटार ऐकू आली होती, ती पण धड वाजणारी. ती माझी असणं शक्य नव्हतं. त्यांनी दांड्यावरचा त्याचा हात बघितला, तारांवरचा माझा बघितला, उशीवरचा हात बघितला. पुढं येऊन त्या हाताला आधी स्वतःचा कान लावला. मग आत गेल्या. आम्हीही पुढं वाजवत राहिलो.

थोड्या वेळानं बशीत कप घेऊन बाहेर आल्या. मिस्तरीचा अर्धा कप. माझ्यापुढं त्यांचा हात रिकामाच आला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"आगं बाई! ऐकता ऐकता एकाचाच ठेवला बगा. थांबा भाऊजी, तुमचा आणते."

त्या वळल्या. मिस्तरीनं दांडा सोडला, कप उचलला, त्या अर्ध्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

"आरं, तुझा दिवसाचा..." मी म्हणालो.

"घे गप."

मी बशी दोन्ही हातांनी उचलली. डावी करंगळी नेहमीसारखी बाहेरच राहिली, पण एक थेंबही सांडला नाही.