रुखमाबाईंचा उशिरा येणारा आवाज

संघप्रिया नागभीडला घरी राहूनच एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. तिची माय, रुखमाबाई, अंगणवाडी सेविका होती. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलं आणि पोरांना गोष्टी सांगणारा तो खणखणीत आवाज गेला.

संघप्रिया चंद्रपूरला वसतिगृहात असताना मायनं मोबाइलवर बोलून पाठवलेले निरोप तिनं कधी पुसले नव्हते. त्यांवरून तिनं घरच्या कॉम्प्युटरला मायचा आवाज शिकवला. मायनं टाइप करायचं, कॉम्प्युटरनं बोलायचं. आवाज हुबेहूब आला. पण इतका उशिरा, की तोवर समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असे. हळूहळू मायनं टाइप करणंच सोडलं. कोणी काही विचारलं की नुसती मान हलवायची.

पोरीला ते बघवेना. कॉम्प्युटर कुठं अडतो ते तिनं तपासलं. मशीनच्या प्रोसेसरमध्ये आकडेमोड करणारे आठ कोर, पण राबत होता एकच. बाकीचे सात रिकामे बसलेले. तिचा प्रोग्रॅम सगळी वाक्यं एकामागून एक त्या एकट्याकडेच पाठवत होता. तिनं वाक्यं सुटी केली आणि सगळ्या कोरांना वाटून दिली.

दुपारी शेजारची चंदाबाई आली. मायनं टाइप केलं, ‘ये चंदा, बस इथी. आधी चहा घे. मंग जा.’

लगेच आवाज आला, "मंग जा. आधी चहा घे. ये चंदा, बस इथी."

चंदाबाई दारातच थबकली. "जाऊ का बसू वो बाई?"

छोटं वाक्य आधी तयार झालं, म्हणून आधी बोललं गेलं होतं. संघप्रियानं कपाळाला हात लावला. "थांब माय, दुरुस्त करून राह्यली." पण माय पदर तोंडाला लावून हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते. ऑपरेशननंतर ती अशी हसलीच नव्हती.

संघप्रियानं वाक्यांना क्रमांक दिले. जे आधी तयार होईल त्यानं आपल्या पाळीपर्यंत थांबायचं. तेवढं थांबूनही आवाज वेळेवर येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी ती आत तांदूळ धूत होती. बाहेरून मायचा आवाज आला, "पोरगी दिवसभर त्या डब्ब्यासमोर बसते, चंदा. जेवाचं भान नाई. सांगतलं त ऐकत नाई."

"मंग रागव ना तिले," चंदाबाई म्हणाली.

"रागवूनच राह्यली ना!"

संघप्रियानं नळ बंद केला आणि तशीच ओल्या हातांनी ऐकत उभी राहिली.