मशीनच्या कपाळी भस्म

बायकोला माती दिली, त्याच पावसाळ्यात तिच्या लोखंडी पेटीत बुरशी आली. मागच्या खोलीची भिंत लय पाझरते. पेटीत तिनं हातानं शिवलेली गोधडी होती. पोरगी पुण्याहून आली, गोधडी नाकाला लावून रडली, अन् परत जाऊन तिनं हवेतला ओलावा ओढायची मशीन धाडली. पिठाच्या डब्याएवढी. ओढलेलं पाणी खालच्या टाकीत जमा होतं.

आमच्या घरात नवी वस्तू भस्म लावल्याशिवाय वापरत नाहीत. मिक्सर असो का मोटारसायकल. ते काम बायकोचं. आता ती नाही, म्हणून मीच भस्म कालवलं आणि मशीनच्या जाळीवर तीन बोटं ओढली. चांगली घसघशीत.

थोडे दिवस मशीन चालली. मग टाकीत पाणीच येईना. जरा घुरघुरायची अन् गप. वर आकडा दिसायचा, दोन.

पोरीला फोन लावला.

"अप्पा, दोन डिग्री? आपल्या झरी गावात?"

"मंग मी काय खोटं बोलायलोय? हितं बनियनवर बसून घाम पुसायलोय."

"मशीनला वाटायलंय लय थंडी हाय, म्हणून ती थांबायली. खोलीचं खरं तापमान किती हाय, बघा बरं."

बायकोच्या औषधाच्या डब्यात थर्मामीटर होता. काखेत धरला आणि सांगितलं, "अठ्ठ्याण्णव."

"अप्पा! तुमच्या अंगाचं नाई, खोलीचं!"

"मंग खोलीची काख कुठं असती, ते सांग."

पोरगी हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मला बरं वाटलं.

मग तिनं व्हिडिओवर बघत मला कामाला लावलं. आधी प्लग काढला, मग जाळी. आत ज्वारीच्या दाण्याएवढा काळा मणी, त्याला दोन बारीक वायरी. हाच तापमान सांगणारा सेन्सर. वायरी जिथं जोडल्या होत्या तिथं पांढरट-हिरवं किटण चढलं होतं.

"हे पांढरं काय हाय, अप्पा?"

"भस्म."

"पाण्यात कालवून लावलं?"

"मंग काय तुपात कालवू?"

"आई कोरडं बोट टेकवायची. तुमी तर मशीनला गिलावा केलाय! तेच ओघळून वायरीवर गेलंय, म्हणून आकडा चुकायलाय."

जोड उपसला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं किटण खरवडलं, कोरड्या फडक्यानं पुसून परत बसवला. मशीन लावली. आकडा एकतीस. घुरघुर थांबली नाही, अन् संध्याकाळपर्यंत टाकीत पाणी आलं.

गोधडी वाळली. कुबट वास गेला, मधोमध काळा डाग मात्र राहिला.

"माझ्याकडं पाठवा," पोरगी म्हणाली. "डाग काढून आणते. मग नीट जपून ठेवू."

"जपून ठेवली म्हणूनच बुरशी आली, बाई."

दुपारी जेवलो आणि तीच गोधडी पांघरून पडलो. उकाड्यानं जीव जायची वेळ आली, पण काढली नाही.