न दिसलेल्याची गवाही

अय्युबचाचा चांद दाखवताना कधी बोट दाखवत नाहीत. "बोट दाखवलं का डोयाले नसलेलं बी दिसते," असं त्यांचं म्हणणं.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ते आमच्या गच्चीवर येतात. आमचं घर गल्लीत सगळ्यात उंच आणि त्याची पश्चिम मोकळी आहे. चपला जिन्यातच काढायच्या, कठड्याला हात लावायचा नाही आणि सूर्य बुडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या शेजारी माझे बाबा, देवमन तायडे, उभे राहतात. दोघं तेल्हाऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे बाबा अकोल्यात पोस्टात लागले, चाचांनी तिथेच जठारपेठेत गाद्यांचं दुकान टाकलं, आणि योगायोगाने घरंही शेजारी झाली.

"मी पाहून काय फायदा?" बाबा दरवर्षी म्हणतात. "माही गवाही तुमची चांदाची कमिटी धरत नाही. मी आपला हवा खायाले येतो."

"मंग हवा खा. बोलू नोको."

ईदच्या चांदाला दोन गवाह लागतात; चांद दिसला की चाचा आणखी एकाला घेऊन मशिदीत जातात, इमामसाहेबांसमोर सांगतात आणि मग भोंग्यावरून ऐलान होतं. चाळीस वर्षं हे असंच चाललेलं आहे. एका वर्षी ढग होते, घराघरात शीरखुर्म्याचं दूध येऊन पडलं होतं आणि चार पोरं छातीठोकपणे सांगत होती की फटीतून चांद दिसला. चाचा एवढंच म्हणाले, "मले नाही दिसला." दूध नासलं. चार दिवस गल्लीतल्या बायका त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी विचारायला सगळे त्यांच्याचकडे आले.

ही नजर त्यांना कापसाने दिली. त्यांचे वडील खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. त्याच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा आवाज आला की लोक जुन्या गाद्या ओसरीवर आणून टाकत. चाचांनी लहानपणी त्या उडणाऱ्या कापसात बसून सरकी वेचली. सरकीचा एक काळा दाणा आत राहिला तरी झोपणाऱ्याच्या पाठीला कळतो, म्हणून मूठभर रुई उजेडात धरायची, फिरवायची आणि दाणा शोधायचा. आता दुकानात मशीन आहे, पण ती मूठ उजेडात धरायची सवय गेलेली नाही.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्यांची नात मिस्बाह कॉलेजला जाण्याआधी बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागली होती. हे का, ते कुणी विचारलं नाही.

दोन हजार बावीसच्या रमजानमध्ये मेच्या दोन तारखेला तिसावा रोजा संपत होता. आदल्या दिवशी चांद दिसलाच नव्हता, देशात कुणालाच नाही. रमजान तीस दिवसांपुढे जात नाही, म्हणून आज तो असणारच होता, त्यामुळे गवाहीची गरज नव्हती. तरीही रिवाज म्हणून चाचा गच्चीवर आले. कडुलिंबाच्या शेंड्यावर कोर अशी स्वच्छ होती, की खालून पोरं ओरडली. मिस्बाह ओरडली. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं.

"दिसला," चाचा म्हणाले.

मी त्यांच्या मागेच उभी होते. ते कडुलिंबाकडे पाहत नव्हते. हातभर डावीकडे, मोबाइलच्या टॉवरकडे पाहत होते.

बाबांच्याही ते लक्षात आलं. ते माझ्याकडे बघून खाली गेले आणि ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या दोन वाट्या संपवून गप्प बसले. चाचा त्या दिवसापासून आमच्याकडे आले नाहीत. दुकानातून घर, घरातून मशीद. बाबांनी एकदा हाक मारली तर, "काम हाय," म्हणाले. मे महिन्यात कोण गादी भरायला देतं?

आठवड्याने एक बातमी आली. आपल्या आकाशगंगेबद्दल काहीतरी मोठं सापडलं होतं. गुरुवारी, बारा तारखेला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शास्त्रज्ञ सगळ्या जगाला एकाच वेळी सांगणार होते. काय सापडलं ते आधी सांगणार नव्हते.

चाचांच्या दुकानासमोर पिंटूचं सलून आहे. तिथे टीव्ही दिवसभर चालू असतो, आणि ज्यांना दाढी करायची नाही तेही तिथेच बसतात. त्या चार दिवसांत तिथे विश्वाचा निकाल बारा वेळा लागला. एकाचं म्हणणं, सूर्य विझणार आहे. दुसरा म्हणाला, विझला तर बरंच, चव्वेचाळीस डिग्री झाली आहे. कुणी परग्रहावरची माणसं आणली, कुणी दुसरी पृथ्वी.

"दुसरा चांद सापडला असन," पिंटू वस्तरा पुसत म्हणाला. "मंग काय करसान चाचा? ईद कोणत्या चांदावर?"

सगळे हसले. चाचा रुई निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण विचारलं, "पाहिलं कोनं?"

"शास्त्रज्ञायनं."

"किती जनं होते?"

पिंटूला ते माहीत नव्हतं. मिस्बाहला होतं. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं, की दुर्बिणी आठ आहेत, जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एक तर थेट दक्षिण ध्रुवावर. माणसं तीनशेच्या वर. चाचांच्या हातातली रुई तशीच राहिली.

"तीनशे गवाह," ते म्हणाले. "अन् तरी बोलून नाही राहिले?"

"गुरुवारी बोलतील, दादाजान."

आमच्याकडे ऐलान म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणीतरी वर पाहिलेलं असतं; ऐलान झालं की आपणही वर जाऊन पाहायचं. त्यामुळे फोनवर दिसणार, असं मिस्बाहने दहा वेळा सांगूनही गुरुवारी साडेसहाला अख्खी गल्ली गच्च्यांवर होती. बायकांनी रोजच्यापेक्षा लवकर पाणी शिंपडलं होतं आणि तापलेल्या सिमेंटचा वास सुटला होता. कुणी ग्रहणाच्या वेळची एक्सरेची फिल्म काढून आणली होती. पिंटू अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट आमच्या गच्चीवर आला. त्या माणसाच्या एका गालावर साबण वाळत होता.

चाचा सगळ्यात शेवटी आले. त्यांनी चपला जिन्यात काढल्या आणि बाबांपासून चार हात लांब उभे राहिले.

सूर्य अजून बुडाला नव्हता. पूर्वेकडे एकादशीचा चांद फिकट, धुतलेल्या कापडाच्या तुकड्यासारखा वर आला होता. शे-दीडशे माणसं माना वर करून उभी होती. आकाशात काहीही नव्हतं, आणि तरी मला वाटलं, की इतकं आकाश मी कधी पाहिलेलं नाही. त्याच क्षणी दूर कुठल्या तरी देशातली माणसं असाच श्वास रोखून बसली असतील, हे मनात आलं.

"आलं!" मिस्बाह म्हणाली.

फोनच्या काचेवर काळोख होता आणि त्यात एक नारिंगी कडं. धूसर, तीन ठिकाणी जरा जास्त उजळ. मध्ये काळं.

"हे त जिलबी होय," पिंटू म्हणाला. "तेबी हललेली. याच्यासाठी मी गिऱ्हाईक अर्धं सोडलं?"

"थांब ना पिंटूभाई," मिस्बाह ऐकता ऐकता सांगू लागली. "कृष्णविवर आहे हे, आपल्या आकाशगंगेच्या अगदी मधोमध. चाळीस लाख सूर्यांचं वजन आहे त्यात. तिथून निघालेला उजेड इथे यायला सत्तावीस हजार वर्षं लागतात. आणि त्या काळ्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही."

पिंटूने वर पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा वर.

चाचांनी हात पुढे केला. मिस्बाहने फोन दिला. त्यांनी तो डोळ्याला जवळजवळ लावला, नाकाला टेकेल इतका, आणि सगळ्यांसमोर तसाच धरून ठेवला. मग हळूहळू फिरवला. मूठभर रुई फिरवावी तसा.

"सरकी," ते पुटपुटले. "रुईच्या मधात सरकी." मग विचारलं, "हे काळं दिसलं त्याईले?"

"नाही दादाजान. ते दिसतच नाही. भोवतीचा उजेड दिसला, त्यावरून मधलं कळलं."

"अन् त्याईनं तसं सांगतलं? दिसत नाही म्हनून?"

"हो. तेच तर सांगत आहेत."

"पाहिलं कवा?"

"दोन हजार सतरा साली."

"पाच साल?"

"भोवतीचा वायू इतक्या जोरात फिरतो, की चित्र दर काही मिनिटांनी बदलायचं. खरं कोणतं, ते जुळवत बसले. खात्री होईपर्यंत बोलले नाहीत."

चाचांनी फोन खाली केला. त्यांचे डोळे भरले होते. उजव्या डोळ्यावरचा दुधी पडदा त्या तिरप्या उन्हात मला पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

"देवमन," ते म्हणाले. "दोन तारखेले तू मायाकडे पाहून राहिला होता."

"हो."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू बोलशीन म्हनून," बाबा म्हणाले. "दहा दिवस वाट पाहून राहिलो ना बापा."

चाचा कठड्याकडे वळले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कठड्याला हात लावला आणि शेजारच्या गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिसाव्या रोजाचा चांद मले दिसला नव्हता. तुमी सगये ओरडले म्हनून मी दिसला म्हनलो. दिसला नव्हता."

साबण लावलेल्या माणसाने उगाच गाल पुसला.

मगरिबची अजान झाली. बाबा त्यांच्याबरोबर मशिदीपर्यंत गेले आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. नमाजनंतर दारातच चाचांनी इमामसाहेबांना तेच सांगितलं, ते बाबांनी ऐकलं. इमामसाहेब म्हणाले, "चाचा, तीस का चाँद था. गवाही की जरूरतच नहीं थी."

"चाँद को नहीं थी," चाचा म्हणाले. "मेरे को थी."

पुढच्या वेळेपासून दुसऱ्या कुणाला उभं करा, असंही ते सांगून आले. येताना दोघांनी रसवंतीवर रस घेतला. अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही तिथेच ठरलं. त्या रात्री बाबा घोरत झोपले.

मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवरच झोपतो. पहाटे चारला कुजबुज ऐकून मला जाग आली. फजरच्या आधीची वेळ. चांद मावळला होता. चाचा आणि मिस्बाह आमच्या गच्चीवर उभे होते, आणि बाबा चादर खांद्यावर घेऊन जांभया देत त्यांच्याजवळ.

"कोनत्या अंगाले हाय ते?" चाचांनी विचारलं.

मिस्बाहने बोट दाखवलं नाही. त्यांचे दोन्ही खांदे धरून तिने त्यांना दक्षिणेकडे, जरासं पश्चिमेला वळवलं आणि हनुवटी थोडी वर केली.

चाचा तसेच उभे राहिले. शहराचे दिवे होते, धूळ होती. मला तिथे चार-सहा चांदण्यांपलीकडे काही दिसेना. त्यांना तर त्याही दिसत नसणार. पण ते पाहत होते, एकोणतिसाव्या संध्याकाळी पाहतात तसे, श्वासाचाही आवाज न करता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मले काहीच नाही दिसून राहिलं." आणि त्यांच्या आवाजात एवढं सुख होतं की मी उठून बसले.

"मले बी नाही," बाबा म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

"झाले मंग दोन गवाह," चाचा म्हणाले, आणि दोघं पुन्हा वर पाहू लागले.